बाई मोकळी झाली



बाळंतपणासाठी आपल्या मराठीत जे शब्द आहेत, ते जरा कान देऊन ऐकण्यासारखे आहेत. ‘बाई मोकळी झाली’ असं आपण म्हणतो. ‘सुखरूप सुटका झाली’ असंही म्हणतो. आमच्या मराठवाड्यात पाणवठ्यावर एक बाई दुसरीला विचारायची, “सुटली का गं ती?” आणि समोरचीला लगेच कळायचं, कोण आणि कशातून. मोकळं होणं, सुटणं हे शब्द खरं तर अडकलेल्या माणसाचे. माझ्या घरात दखनी बोलली जाते. त्या बोलीत कळांना नुसतं ‘दर्द’ म्हणतात. जगात हजार दुखणी आहेत, पण “उसकू दर्दां लगे” असा निरोप आला की घरातली म्हातारी माणसं पुढचं काही विचारत नाहीत, चपला शोधायला लागतात.

म्हणजे ही वेदना किती मोठी, हे भाषेला पहिल्यापासून ठाऊक आहे. तिच्यातून सुटावंसं वाटणं स्वाभाविक आहे, हेही भाषेला मान्य आहे. आणि तरीही त्याच भाषेत आपण बाळंतिणीला सांगतो, “जरा कळ काढ. बाईच्या जातीला हे सोसावंच लागतं.” आज मला या सोसण्याबद्दल बोलायचं आहे. सोसायचं किती, त्यावर उपाय घ्यायचा की नाही, आणि हे ठरवायचं कुणी?

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेली, कविता लिहिणारी बाई आहे. दोन मुलांची आई, आणि आता नानीही आहे, दादीही आहे. जे अनुभवलं, बायकांकडून ऐकलं आणि समजून घेण्यासाठी वाचलं, तेवढंच सांगते.

हल्ली मोबाइलवर एक मजकूर फिरत असतो. माणूस इतकी इतकी वेदना सोसू शकतो, बाळंतपणात मात्र त्याहून जास्त होते, ती वीस हाडं एकदम मोडल्यासारखी असते, वगैरे. त्यात वेदनेचं एक मापही दिलेलं असतं. श्रोतेहो, असं माप वैद्यकशास्त्रात वापरलं जात नाही आणि वीस हाडांचा तो हिशेबही कुणी केलेला नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत काही संशोधकांनी ‘डोल’ नावाचं वेदनेचं माप ठरवायचा प्रयत्न केला होता. त्यासाठी कळा येत असलेल्या बायकांच्या हातावर, दोन कळांच्या मधल्या वेळेत, उष्णतेचा झोत सोडून दोन्ही वेदनांची तुलना केली गेली. ऐकूनच अंगावर काटा येतो. ते माप पुढे टिकलं नाही.

टिकली ती दुसरी पद्धत. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे शब्द आहेत. ठणकणारी, जाळणारी, पिळवटणारी, थकवून टाकणारी, असे कितीतरी. रुग्णाने आपला शब्द निवडायचा. शास्त्र इतकं फिरून शेवटी शब्दांपाशी आलं, याचं मला कवी म्हणून अप्रूप वाटतं. ही प्रश्नावली बाळंतिणींना दिली, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, प्रसूतीच्या वेदनेची सरासरी फार वरची आली, जुनाट कंबरदुखीच्याही वर. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बाईबाईत फार मोठा फरक होता. पहिलटकरणीला साधारणपणे जास्त त्रास होत होता, काहींना असह्य होत होतं, आणि थोड्याजणींना अगदी सौम्य. आधी व्यायाम आणि श्वासाचं शिक्षण घेतलेल्यांच्या वेदना थोड्या कमी होत्या, पण संपलेल्या नव्हत्या.

हे आपल्या आयाबायांना संशोधनाशिवायही ठाऊक होतं. माझी एक मावशी भाकऱ्या थापता थापता उठली आणि अर्ध्या तासात बाळंत झाली. तिची सख्खी बहीण दोन दिवस दोन रात्री अडून होती. दोघींची आई एक, गाव एक, सुईणही एकच. म्हणून “मला नाही एवढं दुखलं, तुलाच कसं दुखतं?” हा प्रश्न निरर्थक आहे. आणि दुर्दैवाने तो बायकाच बायकांना सगळ्यांत जास्त विचारतात.

जुन्या सुइणींकडे वेदनेवर काहीच नव्हतं असंही नाही. माळवदाच्या घरात तुळईला दोर बांधलेला असायचा. त्याला धरून बाई उभी राहायची, उकिडवी बसायची. तिला चालवत ठेवायचे. कोमट तेलाने कंबर रगडायचे. आमच्या मुसलमान घरांत हजहून आणलेलं ‘मरियम का पंजा’ म्हणून एक वाळकं झुडूप असतं. सुकल्यावर ते मुठीसारखं मिटतं आणि पाण्यात ठेवलं की हळूहळू उमलतं. कळा सुरू झाल्या की ते भांड्यात घालून बाळंतिणीच्या नजरेसमोर ठेवायचे. त्यात काही औषधी गुण आहे असं मी म्हणणार नाही. पण वेदनेत असलेल्या बाईला नजर लावायला काहीतरी मिळायचं, आणि गोष्टी उलगडायला वेळ लागतो हे न बोलता सांगितलं जायचं. शिवाय खोलीत चार ओळखीच्या बायका असायच्या. या घरच्या बाळंतपणात धोके किती होते, किती आया आणि किती पोरं गेली, ते मी विसरलेली नाही. बाळंतपण दवाखान्यात गेलं ते योग्यच झालं. फक्त दवाखान्यात जाताना बाई या चार बायका बाहेर सोडून गेली.

माझं पहिलं बाळंतपण १९९२ सालचं, तालुक्याच्या गावी. खोलीत खाटा तीन आणि बायका सात. अम्मीला दाराबाहेर बसवलेलं. मी ओरडले तेव्हा तिथली बाई म्हणाली, “तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला गळा काढतेस?” ‘तेव्हा’ म्हणजे केव्हा, ते समजायला मला थोडा वेळ लागला. कळांची धार आता आठवत नाही. ते वाक्य मात्र शब्दाशब्दानिशी आठवतं. मी गावोगावी कविता वाचायला जाते, तिथे बायकांशी बोलणं निघतं, आणि हे किंवा असंच वाक्य ऐकलेली बाई मला प्रत्येक ठिकाणी भेटली आहे. त्या नोकरी करणाऱ्या बाईचा मला राग नाही. सात बायकांना एकटी सांभाळत होती बिचारी. पण आडव्या पडलेल्या, रक्ताने माखलेल्या बाईला लाज वाटेल असं बोलणं हा वेदनेवरचा उपाय नव्हे.

चार वर्षांनी मुलगा झाला तो एका छोट्या दवाखान्यात. कळा तशाच होत्या. पण एक वयस्क परिचारिका दर कळेला माझ्या कमरेवर मुठीने दाब देत होती आणि “ही गेली बघ, आता पुढची येईपर्यंत श्वास घे” असं सांगत होती. औषध कसलंच नव्हतं. माणूस होतं.

आता थोडं मागे जाऊ. बाळंतपणात भूल देण्याची गोष्ट सुरू होते स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात. जेम्स यंग सिम्प्सन नावाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८४७च्या जानेवारीत त्यांनी एका अडलेल्या बाईला ईथर हुंगवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी स्वतःवर आणि मित्रांवर क्लोरोफॉर्मचा प्रयोग केला आणि काही दिवसांतच तो बाळंतिणींसाठी वापरायला सुरुवात केली. टीका झालीच. काही डॉक्टरांना धोक्याची काळजी वाटत होती, आणि ती रास्त होती. काहींचा आक्षेप धार्मिक होता. बायबलमध्ये देवाने हव्वेला सांगितलं आहे की तू वेदनेने मुलांना जन्म देशील, मग माणसाने ती वेदना का काढून घ्यावी? सिम्प्सन धर्मग्रंथाचेही अभ्यासू होते. त्यांनी उत्तरादाखल पुस्तिकाच लिहिली. देवाने आदमची फासळी काढण्याआधी त्याला गाढ झोपवलं होतं, हा त्यांचा एक मुद्दा होता. म्हणजे शस्त्रक्रियेआधीची पहिली भूल खुद्द देवाचीच!

त्याच साली ७ एप्रिलला अमेरिकेत फॅनी लाँगफेलो या बाईने बाळंतपणात ईथर घेतलं. तिथे असं करणारी ती पहिली मानली जाते. प्रसिद्ध कवी लाँगफेलो यांची ही पत्नी. तिला ईथर देणारा माणूस होता दातांचा डॉक्टर. घरच्यांनी तिला आततायी ठरवलं. तिने पत्रातून कळवलं की बायकांचं दुःख हलकं करण्याच्या वाटेवर पहिलं पाऊल टाकल्याचा तिला अभिमान वाटतो. बरोबर सहा वर्षांनी, ७ एप्रिल १८५३ला, इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला. तो देणारे डॉक्टर जॉन स्नो. लंडनमधला कॉलरा एका पंपाच्या पाण्यातून पसरतो आहे हे पुढच्याच वर्षी ज्यांनी दाखवून दिलं, तेच. रुमालावर थोडा थोडा क्लोरोफॉर्म टाकत त्यांनी राणीला त्रेपन्न मिनिटं आराम दिला. राणी बेशुद्ध झाली नाही. तिने रोजनिशीत त्या औषधाला दुवा दिली. आणि राणीनेच घेतल्यावर विरोधाचा आवाज हळूहळू खाली आला. गरीब बाईच्या वेदनेने जे झालं नाही, ते राणीच्या वेदनेने झालं.

या क्लोरोफॉर्मचा आमच्या मराठवाड्याशी लांबचा संबंध आहे. आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, यावर जगभर वाद चालला होता. तो सोडवण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या पैशातून हैदराबादमध्ये दोन आयोग नेमले गेले. हैदराबादच्याच वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देण्यात तरबेज होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं. आणि आपल्या आनंदीबाई जोशी? चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याच्या निश्चयामागे ते दुःख होतं. १८८६ साली फिलाडेल्फियात त्यांनी पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्राचा. बाळंतिणीच्या दुःखाचा विचार आपल्याकडे परक्यांनी आणून दिला असं कुणी समजू नये.

धर्माचा मुद्दा निघालाच आहे तर माझ्या घरचंही सांगते. “दर्द सहा तो सवाब मिलता” असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात. सोसलं तर पुण्य लागतं. बाळंतपणात मृत्यू आलेल्या स्त्रीला शहिदाचा दर्जा हदीसमध्ये दिला आहे, आणि तो फार मोठा सन्मान आहे. पण कुराणात एका बाळंतपणाचं वर्णन आहे, ते मला नेहमी आठवतं. एकोणिसावी सूरा, सूरा मरियम. आमच्याकडे पोटुशी बायका ती मुद्दाम वाचतात. मरियमला कळा येतात. ती एकटी, खजुराच्या बुंध्याशी येते आणि म्हणते की याआधीच मी मेले असते, विसरली गेले असते तर बरं झालं असतं. तिच्या या उद्गाराबद्दल तिला कुणी रागावत नाही. सोस, असंही सांगत नाही. आवाज येतो तो दुःख करू नकोस असं सांगणारा. तुझ्या पायाशी पाण्याचा झरा आहे, झाड हलव, ताजी खजूर पडेल, खा, पी, डोळे निववून घे. म्हणजे वेदनेत बोललेलं ऐकून घेतलं गेलं आणि लगेच आरामाची सोय झाली. मी आलिमा नाही. पण मला यातून एवढं समजतं की कळा येणाऱ्या बाईला आराम देणं अल्लाहच्या मर्जीविरुद्ध नाही.

आता उलट बाजूही सांगायला हवी. आराम देण्याच्या नावाखाली बाईवर अन्यायही झाला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात मॉर्फिन आणि स्कोपोलामिन ही औषधं एकत्र देऊन ‘संधिप्रकाशातली झोप’ नावाचा प्रकार निघाला. अमेरिकेतल्या बायकांनी १९१४ साली चळवळ करून तो मागून घेतला. पण त्यात वेदना जात नव्हती, जात होती ती वेदनेची आठवण. बाई किंचाळायची, धडपडायची, म्हणून तिला बांधून ठेवावं लागायचं. उठल्यावर तिला काहीच आठवत नसे, आपलं मूल जन्मलेलंही नाही. औषधाचा परिणाम बाळाच्या श्वासावरही व्हायचा. या सगळ्याची प्रतिक्रिया म्हणून पुढे नैसर्गिक प्रसूतीचा विचार आला. इंग्लंडमधले डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली मांडलं की भीतीने अंग आखडतं आणि आखडलेलं अंग जास्त दुखतं. भीती घालवा, वेदना उतरेल. फ्रान्सचे डॉक्टर लमाझ यांनी १९५१ साली रशियात जाऊन पाहिलेली श्वासाची पद्धत पॅरिसला आणली. या विचारात तथ्य होतं. पण त्याचा अतिरेक झाला तेव्हा नवी जबरदस्ती सुरू झाली. औषध मागितलं तर बाई कमी पडली! बेशुद्ध करायचं तरी बाईलाच, आणि परीक्षा घ्यायची तीही बाईचीच.

सध्या ‘पेनलेस डिलिव्हरी’ अशी पाटी दवाखान्यांवर दिसते, ती बहुतेक वेळा एपिड्युरलची असते. साध्या भाषेत सांगते. बाईला पाठ वाकवून बसवतात किंवा कुशीवर निजवतात. कमरेच्या जागी आधी बधिर करायचं इंजेक्शन देतात. मग दोन मणक्यांमधून सुई घालून तिच्यातून एक बारीक नळी आत सोडतात. सुई काढून घेतात, नळी राहते. तिच्यातून थोडं थोडं औषध देतात. गर्भाशयाकडून येणाऱ्या नसा बधिर होतात. बाई पूर्ण जागी असते. पंधरा-वीस मिनिटांत कळेची धार जाते, पोट ताठर झाल्याचं तेवढं जाणवतं. पूर्वी औषधाचं प्रमाण जास्त असायचं, पाय अगदी निकामी वाटायचे. आता प्रमाण बरंच कमी असतं.

याच्याबद्दलचे तीन समज सगळीकडे ऐकू येतात. पहिला, “कंबर कायमची जाते.” सुई टोचली त्या जागी थोडे दिवस दुखू शकतं, पण कायमच्या कंबरदुखीचा एपिड्युरलशी संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. एपिड्युरल न घेतलेल्या बायकांचीही बाळंतपणानंतर कंबर दुखतेच. दुसरा, “मग सिझरच करावं लागतं.” मोठमोठ्या अभ्यासांत एपिड्युरलमुळे सिझेरियनचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. जोर करण्याचा शेवटचा टप्पा मात्र लांबू शकतो. तिसरा समज उलट्या टोकाचा, “काहीच त्रास होत नाही.” हेही खरं नाही. रक्तदाब उतरू शकतो, अंगाला खाज सुटते, थंडी भरून येते, ताप येऊ शकतो, लघवी अडते. कधी एकाच बाजूला असर होतो. साधारण शंभरात एखादीला नंतर जोराचं डोकं दुखतं, आणि त्यावर उपचार आहेत. रक्त न गोठण्याचा दोष असेल, रक्त पातळ करणारी काही औषधं चालू असतील, तर एपिड्युरल देता येत नाही. आणि ते दिल्यावर बाईच्या रक्तदाबावर आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणारी शिकलेली माणसं जवळ लागतात.

माझ्या मुलीचं बाळंतपण २०१९ साली पुण्यात झालं. सातव्या महिन्यातच तिने सांगून टाकलं की मला गरज वाटली तर मी पाठीतलं इंजेक्शन घेणार. माझी समधन काळजीत पडली. चांगली बाई आहे, चार बाळंतपणं निभावलेली. म्हणाली, “आपा, आपण नाही का सोसलं? पोरीची कंबर जाईल.” मी म्हटलं, डॉक्टरांनाच विचारू. विचारलं. त्यांनी आत्ता मी सांगितलं तेच सगळं सांगितलं. तरी घरात कुजबुज चालू राहिली. एक दिवस मुलगी जेवता जेवता म्हणाली, “कळा मला येणार आहेत ना, अम्मी? मग बैठक तुमची कशाला?” त्यावर समधन हसली आणि विषय संपला.

प्रत्यक्ष त्या रात्री पिशवीचं तोंड चार बोटं उघडेपर्यंत ती चालत होती. मग तिने इंजेक्शन मागितलं. एक मुलगा कागद घेऊन आला आणि तो जावयापुढे धरला. मुलगी खाटेवरून म्हणाली, “पेन इकडे द्या.” ती सही तिचीच हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात स्पष्ट केलं आहे की सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या शरीरावर काय करायचं याची संमती तिने स्वतः द्यायची असते, तिच्या वतीने आईने दिलेलीही चालत नाही. इंजेक्शननंतर ती तासभर झोपली. अंगाला खाज खूप सुटली. जोर करायला वेळ लागला. पहाटे नात झाली, आणि मुलीने तिला पूर्ण जागेपणी छातीवर घेतलं.

सून मात्र २०२३ साली लातूरला बाळंत झाली तेव्हा तिने ठरवून काहीच घेतलं नाही. तिला कळांपेक्षा सुईची भीती जास्त. तिची आई आत तिच्याजवळ होती. सून चालली, वाकली, कोमट पाण्याने अंघोळ केली, घसा बसेपर्यंत ओरडली. कुणी तिला गप्प केलं नाही. तिला विचारलं तर ती म्हणते, पुन्हाही असंच करीन. मुलगी म्हणते, पुन्हाही इंजेक्शनच घेईन. आमच्या घरात दोघींचं पटतं आणि दोघींचंही बरोबर आहे, कारण दोघींना विचारलं गेलं होतं.

पण तिसरी एक बाई आहे. आमच्याकडे भांडी घासायला येते. तिचं तिसरं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. मी सहज विचारलं, “दुखण्यावर काही दिलं होतं का गं?” ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “बाई, दुखू नये म्हणून बी काही देतेत का?”

श्रोतेहो, माझं आजचं सगळं बोलणं या प्रश्नापाशी येऊन थांबतं. जी वस्तू आहे हेच ठाऊक नाही, तिची निवड कशी करणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातली सुमारे ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१च्या पाहणीत ती ८८.६ टक्क्यांवर गेली. फार मोठी मजल आहे ही. तिने आयांचे आणि बाळांचे जीव वाचवले. पण बाई दवाखान्यात पोहोचली तरी तिच्या वेदनेचा विचार अजून उंबऱ्याबाहेरच आहे. तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ मिळणं कठीण, रात्री तर आणखी कठीण. जे असतात ते ऑपरेशनला पुरत नाहीत. खासगी दवाखान्यात सोय असते, पण तिचे वेगळे पैसे पडतात. मग कळांना घाबरलेल्या काही मुली सरळ सिझर मागतात. त्याच पाहणीत खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांत सिझेरियनचं प्रमाण ४७.४ टक्के आहे. त्याची कारणं अनेक आहेत, सगळा दोष भीतीवर टाकता येणार नाही. पण काही तासांच्या कळा चुकवण्यासाठी पोट फाडून घ्यायचं आणि मग कित्येक दिवस टाक्यांचं दुखणं काढायचं, हा महाग सौदा आहे, हे मुलींना आधी सांगायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलं आहे की निरोगी बाईने वेदनेवर उपाय मागितला तर तिच्या इच्छेप्रमाणे एपिड्युरल किंवा दुसरं औषध देता येतं. मालिश, गरम शेक, श्वासाचे प्रकार यांचाही त्यात समावेश आहे. आणि तिच्या पसंतीचं माणूस तिच्याजवळ असावं, हेही सांगितलं आहे. आपल्या केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एक सोबतीण राहू देण्याच्या सूचना काढल्या. २०१७ साली प्रसूतिगृहं सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. सोबतीण आत घ्यायला भूलतज्ज्ञ लागत नाही. आडपडद्याला एक चादर आणि दाराशी बसलेल्या माणसाची समजूत, एवढं लागतं. बाईला चालू देणं आणि गोड बोलणं, याला तेवढाही खर्च नाही.

म्हणून घरात कुणाला दिवस गेले असतील तर सातव्या महिन्याच्या तपासणीला जाताना चार प्रश्न बरोबर घेऊन जा. आमच्यापैकी एकीला आत राहू द्याल का? कळा येताना तिला उठू-बसू, चालू द्याल का? वेदनेवर तुमच्याकडे काय काय उपाय आहेत, आणि रात्री दोन वाजताही ते मिळतील का? त्याचे पैसे किती? उत्तर ऐकायला नवऱ्यालाही बरोबर न्या, सासूलाही न्या. आणि घरी आल्यावर जिला कळा येणार आहेत तिला विचारा, तुला काय हवं आहे? आज एक सांगितलं आणि त्या रात्री तिने दुसरंच मागितलं, तर तो तिचा हक्क आहे. वेदना आल्याशिवाय वेदनेचा अंदाज कुणालाच येत नाही.

औषध नको म्हणाली तर तिला भित्रटांच्या गोष्टी सांगू नका. हवं म्हणाली तर आपल्या शौर्याच्या सांगू नका. तिची कंबर चोळा, तिला पाणी पाजा, आणि ती ओरडली तर ओरडू द्या.